कादंबरी ते पटकथा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांतली बरीचशी किनाऱ्यावरची आहेत आणि विषय जवळजवळ एकच आहे. कादंबरी लिहिणारा माणूस पटकथाही लिहितो तेव्हा नेमकं काय करतो, हे सगळ्यांना जाणून घ्यायचं आहे. कादंबऱ्या आणि पटकथा दोन्ही लिहिणाऱ्या वि. स. खांडेकरांचं नाव बहुतेक पत्रांत आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच.

प्रश्न : आमच्या वाचनालयात वि. स. खांडेकरांविषयी फलक लावायचा आहे. गावात प्रत्येक जण वेगळी तारीख सांगतो. कुणी म्हणतं 'ययाति' त्यांनी इथंच लिहिली, कुणी म्हणतं सिनेमासाठी शाळा सोडली. फलकावर नेमकं काय लिहावं? (शिरोडा)

आधी जन्म. ११ जानेवारी १८९८, सांगली. म्हणजे 'कोकणात जन्मलेले' असं लिहू नका. त्यांचं मूळ नाव गणेश आत्माराम खांडेकर. सावंतवाडी भागातल्या नाणेलीच्या सखाराम खांडेकरांना दत्तक गेल्यावर ते विष्णू सखाराम झाले. कोकणाशी त्यांचं नातं दत्तकानं जुळलं आणि नोकरीनं घट्ट झालं. १९२० साली ते शिरोड्याच्या ट्युटोरिअल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि १९३८पर्यंत तिथंच राहिले. ही अठरा वर्षं फलकावर ठळक हवीत, कारण त्यांच्यातला कादंबरीकार याच काळात घडला. 'हृदयाची हाक' १९३०ची, म्हणजे तुमच्या गावात मिठाचा सत्याग्रह झाला त्याच वर्षाची. 'कांचनमृग' १९३१ची, तर 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' १९३४च्या.

आता सिनेमा. मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला हंस पिक्चर्सचा 'छाया' १९३६चा, आणि त्याची कथा-पटकथा खांडेकरांची. तेव्हा ते शिरोड्यातच मास्तर होते. म्हणजे त्यांनी पटकथा लिहायला घेतली ती शाळेत शिकवत असतानाच, आणि कोल्हापूरला ते त्यानंतर दोन वर्षांनी गेले. 'सिनेमासाठी शाळा सोडली' या वाक्यात हा क्रम झाकला जातो. फलकावर '१९३६ : छाया, १९३८ : कोल्हापूरला स्थलांतर' एवढंच लिहा, ते कुणी खोडू शकणार नाही. पुढे 'ज्वाला' (१९३८), 'देवता' (१९३९), 'अमृत' (१९४१).

'ययाति' प्रसिद्ध झाली १९५९ साली, शिरोडा सोडल्यावर एकवीस वर्षांनी. तिला १९६०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६८ला पद्मभूषण. १९७४चं ज्ञानपीठ मराठीतलं पहिलं. निधन २ सप्टेंबर १९७६.

एक सूचना. फलकावर दोन स्तंभ करा, एकात पुस्तकं आणि दुसऱ्यात चित्रपट, दोन्हींची वर्षं समोरासमोर. १९३६पासून पुढे हा माणूस दोन्ही हातांनी लिहीत होता, हे मुलांना एका नजरेत कळेल. चित्रपटकथा म्हणजे त्यांचं किरकोळ काम, असा समज अजून आहे. तो चुकीचा आहे आणि त्या कामावर अन्याय करणाराही आहे.

प्रश्न : माझी २४० पानी कादंबरी छापून झाली आहे. तिची पटकथा मीच करायला घेतली. १८० पानं झाली तरी कथा अजून मध्यावरच आहे. कुठं चुकतंय? (गुहागर)

तुम्ही कादंबरीचं पहिलं पान उघडून तिथून पटकथा लिहायला लागलात, चूक तिथंच झाली. कादंबरीकारांच्या हातून ही चूक सर्रास होते.

हिशेब मांडून बघा. २४० छापील पानं म्हणजे साधारण साठ ते सत्तर हजार शब्द. दोन तासांच्या चित्रपटात साधारण साठ ते पंचाहत्तर सीन बसतात. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट हा ठोकताळा इंग्रजी टंकलेखनाच्या ठरावीक अक्षरावरून आला आहे. देवनागरीत तो तंतोतंत लागू पडत नाही, कारण फाँट आणि ओळींमधलं अंतर बदललं की पानांची संख्या बदलते. म्हणून पानं मोजू नका, घड्याळ लावा. सीन मोठ्यानं वाचा, हालचालींसाठी थांबा, आणि मिनिटं समासात लिहा.

आता १८० पानं बाजूला ठेवा. फाडू नका, पुढे संवादांना उपयोगी पडतील.

कादंबरी मिटून ठेवा आणि आठवेल तशी गोष्ट एका पानात लिहून काढा. जे आठवलं नाही ते बहुधा पटकथेला लागत नाही. मग पुस्तक उघडा आणि फक्त घटनांची यादी करा, एका ओळीत एक घटना. दीडशे-दोनशे ओळी होतील. प्रत्येक ओळीपुढे खूण करा : 'दिसतं', 'ऐकू येतं' की 'मनात घडतं'. तिसऱ्या प्रकारच्या ओळी सर्वांत जास्त निघतील. खरं काम त्यांच्यावरच आहे.

समजा, कादंबरीत वाक्य आहे : 'दहा वर्षं त्या दोन भावांत अबोला होता.' पुस्तकात ते पुरेसं आहे. पडद्यावर हेच सांगायला नवशिका लेखक शेजाऱ्याच्या तोंडी वाक्य घालतो : 'काय रे, दहा वर्षं झाली, अजून बोलत नाही तुम्ही?' असं कुणी बोलत नाही. त्याऐवजी घर दाखवा. एकच लांब पडवी, मधोमध कुडाची भिंत घातलेली. विहीर एक, रहाट दोन. धाकटा पाणी काढायला आला की थोरला कळशी अर्धी भरलेली असतानाच उचलून निघतो. अर्ध्या मिनिटात अबोला कळला. कूड जुना होऊन शेणमाती गळायला लागली आहे, यावरून वर्षंही कळली. संवाद शून्य.

अशी रूपांतरं झाली की प्रत्येक घटना एकेका कार्डावर उतरवा आणि कार्डं जमिनीवर मांडा. सुमारे सत्तर राहतील इतकी काढून टाका. इथं कादंबरीकाराचा हात थरथरतो, पण काढावीच लागतात. दोन पात्रं एकच काम करत असतील तर त्यांचं एक करा. कादंबरीत मामा, आतेभाऊ आणि गावचा भटजी तिघेही नायकाला मुंबईला जा म्हणून सांगत असतील, तर पटकथेत तिघांपैकी एकच पुरे. क्रम पक्का झाला की मगच सीन लिहा : वर जागा, आत की बाहेर, दिवस की रात्र, खाली काय दिसतं ते वर्तमानकाळात, मग संवाद. संवाद सर्वांत शेवटी.

हमखास बिघडणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, निवेदन. कादंबरीतली सुंदर वाक्यं सोडवत नाहीत म्हणून ती पार्श्वभूमीवरच्या आवाजात घातली जातात. चित्र आणि आवाज एकच सांगायला लागले की प्रेक्षक दोन्हींकडे दुर्लक्ष करतो. आवाज ठेवायचाच असेल तर चित्रात नसलेलं त्यानं सांगावं. दुसरी, दृष्टिकोन. 'ययाति'चंच बघा. ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या प्रथमपुरुषी निवेदनांतून उलगडते. तीच घटना दुसऱ्या मनातून वेगळी दिसते, हा तिचा प्राण. कॅमेरा मात्र समोर जे आहे ते दाखवतो, त्याला 'मी' म्हणता येत नाही. अशा कादंबरीवर लिहिताना कुणाची गोष्ट सांगायची हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, आणि बाकी दोघांचं दुःख त्या एकाच्या डोळ्यांदेखत घडवावं लागतं. तुमच्या कादंबरीत निवेदक एकच असेल तर तुम्ही सुटलात. दोन असतील तर आधी हा निर्णय घ्या, कार्डं नंतर.

प्रश्न : संवाद मालवणीत लिहिले तर पुण्याच्या प्रेक्षकाला कळत नाहीत म्हणतात, प्रमाण मराठीत लिहिले तर आमच्या आईला खोटे वाटतात. मधला मार्ग कोणता? (मालवण)

तुमच्या आईचं बरोबर आहे. पहिला खर्डा सगळाच्या सगळा मालवणीत लिहा. प्रमाण मराठीत लिहून नंतर वर मालवणी शिंपडली की ती उघडी पडते. चार वाक्यांमागे एक 'मेल्या' आणि एक 'गो बाय' घातल्यानं बोली होत नाही.

बोली ओळखू येते ती सर्वनामं आणि क्रियापदांच्या शेपटांवरून, आणि ही दोन्ही परक्या प्रेक्षकाला सहज कळतात. 'माका', 'तुका', 'खंय', 'कित्याक' ही चार रूपं पहिल्या दहा मिनिटांत कानात बसतात. म्हणून ती बदलू नका. लिंगाची रूपं सांभाळा : तो इलो, ती इली, ता इला. 'तो इला' असं पात्राच्या तोंडी आलं की वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंतचा प्रेक्षक तिथंच उठतो. अडचण होते ती नामांची. मासेमारीची, शेतीची, भांड्यांची नावं बाहेरच्याला कळत नाहीत. ती वस्तू त्याच सीनमध्ये हातात दिसत असेल तर शब्द ठेवा, चित्रच अर्थ सांगेल. वस्तू दिसत नसेल आणि कथा त्या शब्दावर अडत असेल, तर तेवढाच शब्द बदला.

आणि रत्नागिरीकडच्या माणसाला मालवणी बोलायला लावू नका. संगमेश्वरी वेगळी, मालवणी वेगळी, अलिबागकडची आगरी आणखी वेगळी. पात्राचा गाव ठरवा आणि खर्डा त्या गावच्या माणसाकडून वाचून घ्या. तो वाचताना जिथं अडखळेल तिथं खूण करा. अडखळला म्हणजे वाक्य जिभेवरचं नाही.

प्रश्न : खांडेकरांच्या एका कथेवर आम्ही कॉलेजची मुलं वीस मिनिटांची फिल्म करणार आहोत. लेखक जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाली आणि आम्ही पैसे घेणार नाही. मग परवानगी कशाला? (रत्नागिरी)

लागते. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनानंतरच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षं टिकतो. खांडेकर १९७६ला गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०३६पर्यंत हक्क वारसांकडे किंवा ज्यांना ते दिले त्यांच्याकडे आहेत. चिं. त्र्यं. खानोलकरही १९७६लाच गेले, त्यांचीही तीच तारीख. जयवंत दळवी १९९४ला गेले, त्यांची २०५४अखेर. श्री. ना. पेंडसे २००७ला, म्हणजे २०६७अखेर.

इथं एक गफलत होते. चित्रपटाचा हक्क वेगळा मोजतात, प्रदर्शनापासून साठ वर्षं. त्यामुळे १९३६च्या 'छाया'चा चित्रपट म्हणून असलेला हक्क केव्हाच संपला. पण त्यातली कथा खांडेकरांची साहित्यकृती आहे आणि तिचा हक्क अजून चालू आहे. जुना चित्रपट मोकळा झाला म्हणून त्याची कथा नव्यानं चित्रित करता येईल, असा अर्थ काढू नका.

पैसे न घेणं हा बचाव नाही. हौशी मंडळानं विनातिकीट प्रेक्षकांपुढे नाटक करण्याला कायद्यात सवलत आहे, पण कथेवरून चित्रपट तयार करणं त्यात येत नाही.

करायचं काय? पुस्तकाच्या श्रेयपानावर हक्क कुणाचे ते पाहा आणि प्रकाशकाला पत्र लिहा. पत्रात कथेचं नाव, ती कोणत्या संग्रहातली, फिल्मची लांबी, भाषा, कुठं दाखवणार (कॉलेज, महोत्सव, यूट्यूब, प्रत्येक वेगळं लिहा), किती वर्षांसाठी आणि मोबदला काय, हे सगळं हवं. यूट्यूब लिहायचं राहिलं तर फिल्म तयार होऊनही लॅपटॉपमध्ये पडून राहते.

परवानगी तोंडी मिळाली तर तिच्यावर विसंबू नका. हक्क हस्तांतराचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेतल्यापासून एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलं नसेल तर, तो परत जातो. परीक्षा, पाऊस आणि पुन्हा परीक्षा यांत विद्यार्थ्यांचं एक वर्ष कसं निघून जातं ते तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांची मुदत स्पष्ट लिहून घ्या.

प्रश्न : खानोलकर, दळवी हेही पटकथाकार होते का? (सावंतवाडी)

त्यांची ओळख कादंबरीकार आणि नाटककार अशीच करून द्यावी. खानोलकर कवीही, आरती प्रभू या नावानं. त्यांच्या कादंबऱ्या पडद्यावर गेल्या, पण दुसऱ्यांच्या हातून. खानोलकरांच्या 'चानी'वर व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९७७ला आला आणि 'कोंडुरा'वर श्याम बेनेगलांचा १९७८ला, दोन्ही लेखकाच्या निधनानंतर. दळवींच्या 'चक्र'वर १९८१ला हिंदी चित्रपट झाला. खांडेकरांचं वेगळेपण असं की ते थेट पडद्यासाठी कथा रचत होते. ज्यांच्या पुस्तकावर चित्रपट झाला ते सगळेच पटकथाकार ठरत नाहीत.

प्रश्न : पटकथेतले समुद्राचे सीन दिग्दर्शकानं 'शक्य नाही' म्हणून परत पाठवले. पौर्णिमेची संध्याकाळ, चंद्र उगवतोय, भरतीच्या लाटा घाटाच्या पायरीला लागताहेत, आणि रापण ओढली जातेय. जुलै महिना. (देवगड)

दिग्दर्शकानं नेमकी जागा दाखवली नसेल, पण तो बरोबर आहे. एका सीनमध्ये तीन चुका आहेत.

आपल्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. दुपारी सव्वाअकराच्या सुमारास एक आणि रात्री साधारण त्याच वेळी दुसरी. मधली ओहोटी सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो. त्या वेळी पाणी खाली गेलेलं असतं, ओली वाळू लांबवर उघडी पडलेली असते, आणि पाणी नुकतं परत चढायला लागलेलं असतं. तुमच्या पायरीला लाटा हव्या असतील तर सीन रात्री अकराला न्या, चंद्र डोक्यावर येईल. उगवता चंद्रच हवा असेल तर ओहोटीचा किनारा लिहा. खरं म्हणजे उघड्या वाळूवर पडणारा तो प्रकाश जास्त चांगला दिसेल.

हा नियम अंदाजाचा आहे, गावागणिक थोडा पुढे-मागे होतो. चित्रीकरणाच्या तारखा ठरवताना त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावं. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून एकच सीन सलग तीन दिवस चित्रित करायचा असेल तर पाण्याची रेषा जुळत नाही. पटकथेतच असा सीन एका बैठकीत संपेल इतका आखूड ठेवा. उधाण म्हणजे सर्वांत मोठी भरती, ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास; भांग म्हणजे सर्वांत लहान, ती अष्टमीच्या आसपास. वादळी पाणी भांगाला लिहू नका.

जुलै तर नकोच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. आणि खवळलेल्या पावसाळी समुद्रात रापण टाकत नाहीत. ते किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं आहे, त्याला शांत पाणी लागतं आणि दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा. सीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात न्या. खऱ्या रापणकरांबरोबर चित्रीकरण करायचं झालं तर जाळं तुमच्या वेळेला ओढलं जाणार नाही, त्यांच्या वेळेला ओढलं जाईल. म्हणून त्या सीनमध्ये मुख्य पात्रांचे संवाद ठेवू नका, फक्त चेहरे आणि हात ठेवा. बोलणं नंतर, जाळ्यातली मासळी निवडताना.

प्रश्न : निर्मात्याला कथा ऐकवायची आहे. चोरीची भीती वाटते. आणि पैसे कसे ठरवावेत? (वेंगुर्ला)

ऐकवण्याआधी लिहून काढा. कल्पनेवर हक्क नसतो, ती कशी मांडली त्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. 'दोन भावांचा अबोला' ही कल्पना कुणीही घेऊ शकतो. तुमचे सत्तर सीन त्याच क्रमानं, त्याच रहाटांसकट घेता येत नाहीत. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन पटकथेची नोंदणी ऑनलाइन करता येते. केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीच्या नोंदणीची फी ५०० रुपये आहे आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही, पण तारखेचा पुरावा म्हणून ती मोलाची. ऐकवून आल्यावर त्याच दिवशी ईमेल पाठवा : आज अमुक नावाची कथा आपल्याला ऐकवली, पटकथेची प्रत सोबत जोडली आहे.

कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगळी कामं आणि तीन वेगळी श्रेयं आहेत. करारात प्रत्येकाचं नाव आणि रक्कम वेगळी लिहून घ्या. 'लेखन' असा एकच शब्द असला की संवाद दुसऱ्याकडून लिहून घेतले जातात आणि तुमचं श्रेय कुठं गेलं ते कळत नाही. पैसे हप्त्यांत मिळतात : सहीला, पहिल्या खर्ड्याला, अंतिम खर्ड्याला. शेवटचा हप्ता 'प्रदर्शनानंतर' असं लिहिलेलं असेल तर ते बदलून घ्या, कारण तयार होऊनही प्रदर्शित न होणारे चित्रपट पुष्कळ आहेत. तुमचं काम खर्डा देऊन संपतं, पैसेही तिथंच संपायला हवेत. किती वेळा बदल करून देणार तेही लिहा. दोन वेळा पुरेत, तिसऱ्यापासून वेगळा मोबदला. आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा लेखकाचा वाटा करारानं सोडून देता येत नाही. कुणी तसं कलम पुढे केलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

प्रश्न : खांडेकरांविषयी आणखी कुठं पाहता-वाचता येईल? (दापोली)

'एका पानाची कहाणी' हे त्यांचं आत्मकथन वाचा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे. दापोलीहून जाणार असाल तर मुक्कामाची तयारी ठेवूनच निघा, आणि विद्यापीठाच्या सुट्टीचे दिवस आधी विचारून घ्या.